रिकाम्या खोलीचा आकडा

१

दादा गणिती भौतिकी शिकवायचा आणि धाकटी विज्ञानाचा इतिहास. विद्यापीठ एकच, इमारती समोरासमोर. धाकटीला त्रेपन्न पूर्ण झालेली, निम्मे केस पिकलेले, हाताखाली चार जण पीएच.डी. करताहेत, तरी घरात ती धाकटीच राहिली होती आणि दादाने ते नाव कामाच्या ठिकाणीही पसरवून ठेवलं होतं. गेली सतरा वर्षं दुपारी चारला ती मधला रस्ता ओलांडून त्याच्या खोलीत चहाला जायची. एक चहा आणि एक भांडण, असा कार्यक्रम ठरलेला असे.

राग दादाच्या नाकावर असायचा. दार तो लावत नसे, आपटत असे. त्याच्या खोलीशेजारच्या भिंतीवरचं घड्याळ विद्यार्थ्यांनी शेवटी काढून ठेवलं, कारण ते दर महिन्याला पडायचं. आम्ही गणितं करायची आणि तुम्ही आमची मढी उकरायची, असं तो धाकटीला ऐकवायचा. ती म्हणायची, चुका तुम्ही करता म्हणून तर आमच्या पोटाला मिळतं. बघणाऱ्याला वाटावं, दोघांचं हाडवैर आहे. पण वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तो एकोणीसचा, आणि त्यानंतर तिच्या प्रत्येक परीक्षेला तो बाहेर पायरीवर वाट बघत बसला होता. जगात तिचा सगळ्यात जास्त जीव त्याच्यावर होता. तसं तिने त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने त्यातही चूक काढली असती.

भौतिकी विभागाच्या जुन्या कपाटांची नोंद करताना तिला एक वही सापडली. गुरुवारी चहाच्या वेळी तिने ती दादाच्या टेबलावर ठेवली. ती वही आपण दिली नसती तर, असा विचार पुढे एकही दिवस तिच्या मनातून गेला नाही.

२

वही साठ वर्षांपूर्वीच्या एका प्राध्यापकांची होती. नाव पुसट झालेलं, म्हणून दोघं त्यांना वहीवाले म्हणू लागले. विभागाच्या तळघरात या वहीवाल्यांनी घुमाऱ्याची एक खोली बांधून घेतली होती. सिमेंटच्या गुळगुळीत भिंती, एकही भिंत दुसरीला समांतर नाही, आत सामान म्हणून काही नाही. अशा खोलीत टाळी वाजवली की ती नऊ-नऊ सेकंद घुमत राहते. आत माणूस उभा असेल तर थोडी कमी घुमते, कारण माणसाचं अंग, कपडे, केस आवाज पितात. दोन माणसं असतील तर आणखी कमी. तेव्हा टाळी किती वेळ घुमली एवढं बाहेर बसून मोजलं, की आत न बघता सांगता यायला हवं, माणसं किती आहेत. अकरा महिने वहीवाल्यांनी एवढ्याच गणितावर घातले होते.

गणित सुंदर आहे, असं दादा म्हणाला. दादा कुणाच्याही गणिताला सुंदर म्हणत नसे.

फक्त एक अडचण होती. खोली रिकामी ठेवून, दार लावून, बाहेरून दोरी ओढली की आतल्या दोन फळ्या एकमेकींवर आपटत. त्या आवाजावरून निघणारा रिकाम्या खोलीचा आकडा शून्य यायला हवा. तो एक यायचा. वहीवाले स्वतः आत उभे राहिले की एकाऐवजी दोन. त्यांनी भिंती घासून घेतल्या, दार बदललं, दोरी बदलली, फळ्या बदलल्या. रोजच्या नोंदीखाली 'चूक: एक' असं लिहिलेलं, आणि पान उलटलं की पुन्हा तेच. शेवटच्या नोंदीत मात्र एवढंच होतं: 'आज मी आत. आकडा एक. चूक गेली.' त्यापुढची पानं कोरी होती.

"चूक गेली म्हणे," दादा वही टेबलावर आपटत म्हणाला. "चूक काय पाहुणी आहे, आपणहून जायला? कशी गेली ते लिहायला नको?"

धाकटीला मनातून बरंच वाटलं. दादाला असं पेटलेलं तिने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

३

तळघरातली खोली शाबूत होती. विभागाचे तंत्रज्ञ काका, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला सरळ माणूस, त्यांनी तिच्यातल्या मोडक्या खुर्च्या बाहेर काढल्या, विजेवर आपटणाऱ्या फळ्या बसवल्या, मायक्रोफोन टांगला. शेजारी एक छोटी खोली होती, तिथे संगणक, टेबल आणि दोन खुर्च्या. दोन्हींच्या मधे जाड काचेची खिडकी. खिडकीतून दिसायचं ते एवढंच: छताला एक दिवा आणि खाली राखाडी फरशी.

पहिल्या दिवशी धाकटी हजर होती. दार लागलं. काकांनी बटण दाबलं. फळ्या आपटल्या, आवाज घुमला, विरला, आणि पडद्यावर आकडा आला. दोन.

वहीत तर एक होता, असं ती म्हणाली. दादाने तिला वेड्यात काढलं. त्यांचं यंत्र ओबडधोबड होतं, आपलं नाजूक आहे, नाजूक यंत्राला चूक मोठी दिसते. तिला ते पटलं. साठ वर्षांत यंत्रं बदलतात, हे तर तीच वर्गात शिकवायची. मग दादा आत जाऊन उभा राहिला, आणि तीन आला.

त्यानंतर दादा तळघराचाच झाला. चारचा चहा आधी अधूनमधून आणि मग रोजच बुडू लागला. वहिनीचा फोन यायचा, की ताट वाढून ठेवलेलं तसंच राहतं, काही विचारलं तर अंगावर येतो. धाकटी म्हणायची, साप साप म्हणून भुई धोपटतोय, दमला की येईल घरी. काकांनी मात्र एकदा जिन्यात तिला थांबवलं. सर तासन् तास आत एकटे बसतात, म्हणाले, आणि बोलतात. गणितवाले सगळेच स्वतःशी बोलतात, धाकटीने हसून सांगितलं.

"स्वतःशी बोलतात ते मला माहीत आहे हो बाई," काका म्हणाले. "पण सर मधे मधे थांबतात. समोरच्याचं ऐकून घ्यावं तसे."

दादा कुणाचंच ऐकून घेत नसे. हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं. त्या दिवशी तिला उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या.

४

पाचव्या महिन्यात एका मंगळवारी दादा रस्ता ओलांडून तिच्या खोलीत आला. सतरा वर्षांत पहिल्यांदाच. आत आल्यावर त्याने दार हलकेच लावलं.

"गेली चूक," तो म्हणाला. "मी आत होतो. आकडा एक आला."

कशी गेली, तिने विचारलं. सुंठीवाचून खोकला गेला, म्हणून तो हसला. आणि रिकाम्या खोलीचा आकडा? त्यावर तो शांतपणे म्हणाला, की आता त्याची काय गरज? उत्तर आलं ना. मग तिच्या टेबलावरची पुस्तकं त्याने नीट रचून ठेवली आणि निघून गेला. जिन्यात त्याच्या पावलांचा आवाज आला नाही, की तिनेच कान दिला नाही, ते तिला नंतर सांगता येईना.

महिन्याभरात विभागात सगळीकडे त्याचंच कौतुक. विद्यार्थ्यांना तो दोन दोन वेळा समजावून सांगतो. बैठकीत हात वर करून बोलतो. भिंतीवर घड्याळ परत लागलं. वहिनी तर हरखून गेली होती. "बत्तीस वर्षांनी माणसात आलाय गं," ती फोनवर म्हणाली. "रोज वेळेवर जेवतो. भाजीत मीठ कमी पडलं तरी चकार शब्द काढत नाही. तू आता काही उकरत बसू नकोस."

चारचा चहा पुन्हा सुरू झाला. धाकटी बोलायची आणि दादा ऐकायचा. एकदा तिने मुद्दाम त्याच्या सगळ्यात आवडत्या सिद्धांताबद्दल धादांत खोटं विधान केलं, पहिल्या वर्षाच्या पोरानेही हसावं असं. पूर्वी त्याने कप भिरकावला असता. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, असेल.

ती खाली आली आणि जिन्याच्या वळणावर बसून रडली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. दादाची गेली होती.

५

माणूस सुधारला म्हणून रडणारी बहीण जगात पहिलीच असेल, असं तिने स्वतःला बजावलं. थकला असेल. रक्तदाब असेल. वयाने नरमला असेल. कारणं काय, मागाल तितकी मिळतात. पण ती इतिहासवाली होती, आणि मन थाऱ्यावर नसलं की कागद चाळायचे, एवढंच तिला येत होतं.

तिने वहीवाल्यांची जुनी फाइल काढली. फाइलचा पहिला भाग चांगला जाडजूड. उद्धटपणाच्या तक्रारी, सहकाऱ्यांशी भांडणं, कुलगुरूंना लिहिलेली तिखट पत्रं. वहीतली शेवटची तारीख ओलांडली की फाइल एकदम बारीक होत होती. पुढची एकोणीस वर्षं एक तक्रार नाही. निरोपाच्या भाषणात कुणीतरी म्हटलेलं, इतका शांत माणूस आम्ही पाहिला नाही. आणि त्या एकोणीस वर्षांत एक निबंध नाही, एक टिपण नाही, गणिताची एक ओळ नाही. तळघराच्या किल्लीच्या रजिस्टरमध्येही त्यांची सही पुन्हा दिसली नाही.

तिने रजिस्टर मिटलं. कागदावर काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते बघा, असं ती विद्यार्थ्यांना सांगायची. लिहिलेलं नव्हतं ते हे: मनासारखा आकडा आल्यावर वहीवाल्यांनी रिकामी खोली पुन्हा मोजली नव्हती. दादानेही नाही. प्रयोग करणाऱ्यांची ही जुनीच खोड. उत्तर चुकलं तर हजार वेळा मोजतील, आणि हवं ते आलं की त्याच मिनिटाला मोजणं बंद. यावर तिचं एक व्याख्यानच होतं. त्यात दोन ठिकाणी हशा यायचा.

६

शुक्रवारी दुपारी बाराला ती काकांना घेऊन तळघरात उतरली. काकांची इच्छा नव्हती, पण बाईंना एकटं कसं सोडायचं म्हणून आले. त्यांनी खोलीत जाऊन चारी कोपरे पाहिले, वर पाहिलं, दार लावलं. काचेतून दिवा दिसत होता आणि फरशी.

फळ्या आपटल्या. आवाज घुमला आणि लवकर विरला, कानालाही कळावं इतका लवकर. पडद्यावर तीन आला.

काकांनी तारा तपासल्या. पुन्हा तीन. यंत्र बंद करून चालू केलं. तीन. बिघडलं असेल, काका म्हणाले, दमट जागा आहे. धाकटी हो म्हणाली. हो म्हणायची तिला मनापासून इच्छा होती. पण साठ वर्षांपूर्वी एक होता. वहीवाले येऊन गेले, मग दोन झाले. दादा येऊन गेला, आता तीन. ही बेरीज करायला गणिती भौतिकी लागत नव्हती. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"मला सांगितलं असतंस तर मीही आलो असतो," मागून दादा म्हणाला.

तो दारात उभा होता, हात मागे बांधून. कधी आला ते काकांनाही कळलं नव्हतं.

७

तो रागावला नाही. पडद्याकडे बघून म्हणाला, थोडी दुरुस्ती घातली की आकडा बरोबर येतो. धाकटीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तीच कपाळावरची खूण, तोच मनगटावर सैल पडलेला घड्याळाचा पट्टा. तिला वाटलं, आपलंच डोकं फिरलंय. हातच्या कंकणाला आरसा कशाला, समोर तर उभा आहे. मग तिला सुचलं, की आरसाही समोरच आहे.

"दादा, तू आत जाऊन उभा राहा," ती म्हणाली. "एकदाच."

तो लगेच गेला. का, म्हणून विचारलंसुद्धा नाही. काकांनी दार लावलं. काचेतून दादा दिसत होता, दिव्याखाली बरोबर मध्यभागी, हात मागे, चेहऱ्यावर समजूतदार हसू. तिने बटण स्वतः दाबलं. चार यावा, म्हणून ती मनातल्या मनात भीक मागत होती. चार आला असता तर निदान समोर दिसतोय तो माणूस आहे, एवढं तरी ठरलं असतं.

तीन आला.

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवून दिला.

"किती आला?" आतून विचारणा झाली.

तिच्या डोळ्यांसमोर वहिनी आली, वेळेवर लागणारी दोन ताटं आली. खरं सांगितलं तर काय होईल, तेही तिला ठाऊक नव्हतं.

"एक," ती म्हणाली. "बरोबर आला."

तो बाहेर आला, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि घरी निघून गेला. उघड्या दारासमोर ती बराच वेळ उभी राहिली. आत कुणी नव्हतं. तिने हळूच हाक मारली, "दादा." तो शब्द घुमला आणि फार लवकर विरला.

८

काका सोमवारपासून रजेवर गेले. जाताना किल्ली तिच्या हातात देऊन म्हणाले, की बाई, कुलूप लावा आणि विसरा. तिने विसरायचा प्रयत्न केला नाही. तळघरातल्या खोलीवर आपण पुस्तक लिहितोय असं तिने विभागाला कळवलं आणि ती जागा स्वतःच्या ताब्यात घेतली. चारला रस्ता ओलांडायची, पण वरच्या मजल्यावर न जाता खाली उतरायची.

कामाची पद्धत तिने ठरवून टाकली होती. यंत्रावर भरवसा असावा म्हणून आधी मायक्रोफोन छोट्या खोलीत आणायचा, तिथली मापं यंत्रात भरायची, टाळी वाजवायची, तिथला आकडा घ्यायचा. ती एकटी, म्हणून एक. मग मोठ्या खोलीत टांगायचा, दार लावायचं, बटण दाबायचं. तीन. रोज एक आणि तीन. आत जाऊन उभं राहायचा धीर तिला झाला नाही, आणि त्याची तिला लाज वाटायची. पायरीवर बसून वाट बघणाऱ्याला ती अशी काचेपलीकडे ठेवून बसली होती.

मग ती बोलायची. विभागातल्या कुचाळक्या, कुणाचा निबंध परत आला, कुणी कुणाला पाण्यात पाहतं. वहिनी बरी आहे, हे सांगायची. मुद्दाम चुकीची विधानं करायची आणि थांबायची. काचेपलीकडे दिवा आणि फरशी. कधी कधी तिला वाटायचं, वेडी झालेय मी, आणि तसं वाटलं की बरं वाटायचं.

एका बुधवारी ती उशिरा पोचली, आणि घाईत तिने मोठी खोलीच आधी मोजली. दोन आला.

तिने पुन्हा बटण दाबलं. दोन. सात वेळा दाबलं, सातही वेळा दोन. म्हणजे एक कमी झाला होता. तिच्या छातीत इतकी मोठी आशा उसळली की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. कोण सुटलं, हे आकडा सांगत नव्हता. पण सुटता येतं, एवढं तर सांगत होता. दादासारखा हट्टी माणूस दुसरा कोण असणार? तो काय गप्प बसून राहणार होता?

यंत्र आधी तपासायला हवं, तिने स्वतःला दटावलं. हुरळून जायचं नाही. तिने मायक्रोफोन आणला, छोट्या खोलीचं दार लावलं, खुर्चीत बसली आणि टाळी वाजवली. इथला आकडा एक यायला हवा.

दोन आला.

शेजारची खुर्ची रिकामी होती. पंखा बंद होता. खोलीत तिच्या श्वासाशिवाय आवाज नव्हता, आणि तो श्वासही जवळच कुठेतरी, कापडात दाबला जावा तसा येत होता. तिने मागे वळून पाहिलं नाही. तिचे डोळे भरून आले. तिने पायाने दुसरी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"बस रे," ती म्हणाली. "दमला असशील. बस."

समोरच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि शेजारी रिकाम्या खुर्चीची पाठ. त्या पाठीवर एक हात हलकेच येऊन टेकला. लांब, वाळलेली बोटं. नखांत खडूची पांढरी भुकटी, आणि मनगटाशी बाही इतकी जुनी की तिचा धागा न् धागा सुटलेला. ती त्या हाताकडे बघत राहिली. ओळख पटावी म्हणून तिने फार प्रयत्न केला, एकेक बोट पाहिलं.

तो दादाचा हात नव्हता.

तिला आधी भीती वाटली नाही. आधी फक्त वाईट वाटलं, लहानपणी परीक्षेहून बाहेर यावं आणि पायरीवर भलतंच कुणी बसलेलं असावं, तसं. भीती नंतर आली, खुर्ची करकरली तेव्हा.